निसारचाचांची यादी

निसारचाचा ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. मापात सूतभर चूक त्यांना खपायची नाही. निवृत्त झाल्यावर ते आमच्या रविवारच्या गटात आले. नदीकाठची जुनी दगडी धर्मशाळा आणि तिच्या भोवतीची झाडं आम्ही सांभाळतो. भिंतीच्या सांध्यात उगवलेली पिंपळाची रोपं चाचा मुळासकट हलक्या हाताने सोडवायचे आणि आवारात लावायचे. नऊ वर्षांत एकसष्ट झाडं उभी राहिली. प्रत्येकावर त्यांनी नंबर रंगवला. वहीत जागा, उंची, बुंध्याचा घेर, सगळं लिहिलं.

"निसार, ही यादी मला दे. झाडांची सरकारी नोंद करून घेतो," आमचे प्रमुख शामसुंदर सर म्हणाले. चाचांनी दोन दिवस बसून सुवाच्य नक्कल करून दिली.

परवा रविवारी आम्ही पोचलो, तर चाळीस झाडांचे नुसते बुंधे उरले होते. धर्मशाळा रस्त्यावरून दिसायला हवी, म्हणून सरांनीच तोडणीचा अर्ज केला होता. सोबत चाचांची यादी जोडली होती.

"अगं, झाडं काय, पुन्हा लावू," सर मलाच समजावत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

करवत गाडीत टाकता टाकता तोडणारा माणूस चाचांना म्हणाला, "यादी कोणी बनवली हो चाचा? लय भारी काम. एक झाड शोधावं लागलं नाय."