तारेची चार मिनिटं

थिएटर बंद पडलं, तिथे सोफ्यांचं दुकान आलं, तरी गल्लीत त्यांना सगळे रीळकाकाच म्हणत. एकोणचाळीस वर्षं त्यांनी ऑपरेटरच्या केबिनमधून सिनेमे दाखवले आणि एकदाही पडदा कोरा पडू दिला नाही. निवृत्त झाल्यावर वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये त्यांनी रविवारी सकाळी जुने गाजलेले सिनेमे दाखवायला सुरुवात केली. खिडक्यांना काळं कापड स्वतः शिवून लावलं.

पहिल्याच रविवारी त्यांनी आपला सगळ्यात लाडका सिनेमा लावला. आधी अर्धा तास भाषण केलं: याला किती बक्षिसं मिळाली, जाणकारांनी किती डोक्यावर घेतला. चाळीस माणसं आली होती, शेवटी अकरा उरली. त्यातली एक त्यांची सून, तीही घोरत होती.

चष्म्याच्या दुकानातला माणूस जाताना म्हणाला, "काका, ती बाई पोस्टातून आलेली तार न उघडता चार मिनिटं नुसती भांडी घासते. मला वाटलं, फिल्म अडकली."

हे मात्र काकांच्या जिव्हारी लागलं. घरी येऊन ते तणतणले, "आजकालच्या लोकांना दम नाही. गाढवाला गुळाची चव काय."

सून भाजी निवडत होती. ती म्हणाली, "बाबा, रागावू नका. तुम्ही आधीच सांगितलंत की हा महान आहे. मग सिनेमा न बघता मी परीक्षेला बसल्यासारखी बसले. आणि तार म्हणजे काय हे मला पुस्तकातूनच ठाऊक. ती उघडत का नाही, तेच कळेना."

"उघडत नाही कारण..." काका बोलता बोलता थांबले. मग खाली बसले. "आमच्याकडे तार आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. वडील परगावी कामाला होते. आई पाणी भरत होती. तिने तार कमरेला खोचली आणि उरलेल्या तीन घागरी भरल्या. मगच शेजाऱ्यांकडून वाचून घेतली. तेवढा वेळ वडील जिवंत होते ना, तिच्यापुरते."

सुनेच्या हातातली भाजी तशीच राहिली. "हे सांगा की लोकांना," ती म्हणाली. "बक्षिसं कशाला सांगत बसता?"

पुढच्या रविवारी तोच सिनेमा. चष्मेवाल्याला त्यांनी दुकानात जाऊन हाताला धरून आणलं. सिनेमाचा पुटपुटल्यासारखा येणारा जुना आवाज सुनेने आपल्या लेकीकडून कॉम्प्युटरवर साफ करून घेतला होता. काका उभे राहिले, घागरींची गोष्ट सांगितली, दोन मिनिटांत खाली बसले. महान हा शब्द तोंडातून निघू दिला नाही.

भांडी घासण्याचा प्रसंग आला. चार मिनिटं हॉलमध्ये कुणी खुर्चीसुद्धा सरकवली नाही. पडद्यावरच्या बाईने शेवटचं पातेलं पालथं घातलं, तेव्हा चष्मेवाला चष्मा काढून डोळे पुसत होता. थिएटरच्या केबिनमध्ये त्यांचं अर्धं लक्ष रिळाकडे असायचं. हा सिनेमा काकांनीही त्या दिवशीच धड पाहिला.

सगळेच सिनेमे असे तरले नाहीत. एक तर कितीही समजावून सांगितला तरी कुणाला भिडेना, तेव्हा काकांनी स्वतःच यादीतून काढला. "तो आमच्या वेळचा होता, तेवढं पुष्कळ झालं," म्हणाले. पण बाकीच्यांना माणसं येत राहिली. पावसाळा संपेपर्यंत खुर्च्या कमी पडू लागल्या, वाचनालयाने खालच्या बाकांना वरची वाट दाखवली.

एकदा सिनेमा संपून तासभर झाला तरी नायिकेने घर सोडलं ते बरोबर की चूक यावर भांडण चालूच होतं. शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा. सून सगळ्यांत मोठ्याने भांडत होती. कुणीतरी काकांना विचारलं, "तुम्हीच सांगा, बरोबर कोण?"

"मला काय विचारता," काका मान ताठ करून म्हणाले, "सिनेमा आता तुमचा आहे." आणि शिपायालाही त्यांनी हाताला धरून खुर्चीवर बसवलं.