दाजी आणि अर्ध्यावर तुटलेलं गाणं

आमच्या दाजींनी आयुष्यात गाणं असं कधी ऐकलंच नाही. ऐकली ती कॅसेट, अख्खी, पहिल्या बाजूच्या पहिल्या सुरापासून दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या खरखरीपर्यंत. एखादंच आवडीचं गाणं लावून उठून जाणारी माणसं त्यांना पंगतीत शिरून नुसती जिलबी उचलून पळणाऱ्या पोरांसारखी वाटत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. देऊळगाव राजात त्यांचं बी-बियाण्याचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागच्या दारातून आत गेलं की घर. त्या दारापाशी फळीवर त्यांचा टेप असे, म्हणजे गाणं एका अंगानं गिऱ्हाइकाला आणि दुसऱ्या अंगानं स्वयंपाकघरातल्या ताईला. ताईचं लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा तिच्याकडे गेलो तो मोताळ्याहून बस बदलत बदलत, मांडीवर लोणच्याची बरणी सांभाळत. दाजींनी मला पाहिलं, मान हलवली आणि बोटानं सरकीच्या पोत्यावर बसायची खूण केली. टेपवर चालू बाजूची दोन गाणी राहिली होती. ती संपल्यावर ते उठले, मला कडकडून भेटले आणि म्हणाले, "कवा आले पाहुणे?" मी म्हणालो, मघाशीच. "मंग बोलले काऊन नाई?" असं त्यांनी वर मलाच विचारलं.

गिऱ्हाइकांनाही हाच न्याय होता. कपाशीवर अळी पडली म्हणून घाबरून आलेल्या माणसाला ते शांतपणे सांगत, "बाजू संपू दे, तवर अळी कुठी जात नाई." लाइट गेली की त्यांचा खरा कस लागे, कारण मध्येच तुटलेलं गाणं उष्टं होतं असं त्यांचं ठाम मत. लाइट आली की ते फीत मागे फिरवून बाजू पहिल्यापासून लावत. उन्हाळ्यात भारनियमन इतकं असायचं की दुसऱ्या बाजूपर्यंत पोचणं जमतच नसे, त्यामुळे त्या घरात दुसऱ्या बाजूची गाणी ही पावसाळी गाणी समजली जात. अंतरंसुद्धा ते कॅसेटीतच मोजत. जालना म्हणजे एक बाजू. बुलढाण्याला दोन कॅसेटी लागतात आणि चिखलीच्या स्टँडवर चहा घेताना पलटवायची. एकदा एका परगावच्या माणसानं त्यांना सिंदखेड राजा किती लांब म्हणून विचारलं, तर "तीन गाणे" असं सांगून ते मोकळे झाले. तो बिचारा बराच वेळ रस्त्यात उभा राहून विचार करत होता.

या सगळ्या कॅसेटींत एक लोकगीतांची कॅसेट फार मानाची. लग्न झालं त्या वर्षी दाजींनी ती जालन्यातल्या एका दुकानातून भरून आणली होती. त्या काळी कोरी कॅसेट नेऊन दिली की दुकानदार तिच्यात गाणी उतरवून देई. अल्बम लांब आणि फीत आखूड, त्यामुळे पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं शेवटच्या कडव्यात तुटलं होतं. गाण्यातली बाई संध्याकाळी नदीच्या उतारावर उभी असते. बाजाराला गेलेला तिचा नवरा परतलेला नसतो. येईल त्या गाडीवाल्याला ती विचारते, माझा धनी दिसला का. कोणी काही सांगत नाही. शेवटी एक गाडीवाला बैल थांबवतो आणि म्हणतो, पाहिला गं बाई, पाहिला, पण... आणि खट. फीत संपे, बटण वर येई. ती मूळ कॅसेट पुढं कुठंच मिळाली नाही, गाणाऱ्या बाईचं नावही आमच्या भागात कुणी ऐकलेलं नव्हतं. मग घरातल्यांनी ते खट गाण्यातच धरून टाकलं. माझी भाची शाळेच्या गॅदरिंगमध्ये हे गाणं म्हणाली, तेव्हा शेवटी तोंडानं खट म्हणून नमस्कार करून खाली उतरली.

पुढं काय झालं, यावर नवरा-बायकोचं भांडण कायमचं. दाजी म्हणत, "गेला तो. आला असता तर गाडीवाला पण कायले म्हणंल?" ताई म्हणायची, "येते तो. उशीर होते फक्त." दाजी मग पुराचं पाणी, चोरचिलटं, उधळलेले बैल असे एकेक पुरावे काढत. ताई ते सगळे परतवून लावी, आणि तरीही गाणं तुटलं की दर वेळी डोळ्यांना पदर लावून मगच भाताचं आधण ठेवायला उठे. मी त्या घरी गेलो आणि हे भांडण झालं नाही, असं मला आठवत नाही. खरं सांगायचं तर मला त्याची गोडी लागली होती.

मग टेपचा पट्टा तुटला. दुरुस्त करणारा मेकॅनिक केव्हाच मोबाइलच्या काचा बदलायला लागला होता. फोनवर गाणी ऐकायला दाजी तयार नव्हते, कारण गाणं चालू असताना त्यात माणसं बोलायला लागतात. शेवटी पुण्याला नोकरी करणाऱ्या भाचीनं काडेपेटीएवढा एक म्युझिक प्लेअर आणून दिला. बापाच्या सगळ्या कॅसेटींतले अल्बम तिनं इंटरनेटवर हुडकून, पुरेच्या पुरे त्यात भरले होते. दाजींनी तो हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाले, "याची दुसरी बाजू कुठी हाय?" पहिले आठ दिवस त्यांचं आणि त्या डबीचं अजिबात पटलं नाही. भाचीनं घाईत कुठलं तरी बटण तसंच ठेवलं होतं, त्यामुळे गाणी वाटेल त्या क्रमानं लागत. लग्नगीतांच्या अल्बममध्ये नवरी आधी सासरी गेली, मग तिला हळद लागली आणि शेवटी सुपारी फुटली. दाजी दिवसभर अस्वस्थ होते. "पोरगी वाटे लावली अन् मंग हळद? पाव्हणे जेवले कवा?" असं ते दुकानात येईल त्याला विचारत होते.

आणि मग काय झालं कुणास ठाऊक, हा माणूस बदलला. कानात त्या डबीच्या वायरची बोंडं घातली की दाजी एकही गाणं पुरं ऐकेनात. मुखडा झाला की बटण, पुढचं गाणं, पुन्हा बटण. ज्या माणसानं मेव्हण्याला पोत्यावर बसवून ठेवलं, तो आता एका चहात चार अल्बम उरकू लागला. बोंडं कानातून निघत नसत ते वेगळंच. तुरीचं बी मागायला आलेल्या शेतकऱ्याला त्यांनी उंदराचं औषध काढून दिलं, आणि तो नको म्हणाला तर "लय चांगलं उगवते" असं सांगितलं. गल्लीतले एक म्हातारे वारले तेव्हा दाजी बसायला गेले. तिथं सगळे खाली माना घालून बसलेले, आणि दाजींची मान तालात डुलायला लागली. म्हाताऱ्याचा मुलगा मात्र नंतर सगळ्यांना सांगत होता की एवढं हुंदके दाबून रडणारं दुसरं कोणी नव्हतं. मी या गोष्टी ऐकून पोट धरून हसलो, अगदी ताईचा फोन येईपर्यंत.

"तू ये एकदा," ती म्हणाली. "घर मुकं झालं. ते घरातच रायतात, पण मले वाटते मी एकटीच हाव. कोणतं गाणं चालू हाय तेही समजत नाई. भात दोनदा लागला." इतकी वर्षं तिनं एकही कॅसेट स्वतः निवडली नव्हती, पण ऐकल्या सगळ्या होत्या. भाजी कोणत्या गाण्याला फोडणीला टाकायची आणि भात कोणत्या गाण्याला उतरवायचा, हे तिच्या हातांना ठाऊक होतं. आता सगळं एकट्या दाजींच्या कानात गेलं होतं. मला हसल्याचं वाईट वाटलं आणि मी शनिवारी देऊळगाव राजा गाठलं.

संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. ताईनं वाढता वाढता सहज विचारावं तसं विचारलं, "त्या डबीत आपलं ते गाणं पुरं हाय म्हणते पोरगी. खरं हाय का?"

दाजींचा हात ताटातच थांबला. "हाय."

"मंग ऐकलं असंल तुमी."

दाजी भाकरीचा तुकडा मोडत राहिले. ताईनं वरणाची पळी भांड्यात ठेवली. तिचा आवाज चढला नाही, पण मी तिचा भाऊ आहे, मला तो कळतो. "सांगू नका मंग. एकट्यानं ऐकलं ना, तर ठेवा तुमच्यापाशीच."

"नाई ऐकलं."

"खोटं."

"आईची आण," दाजी म्हणाले. "तो पण म्हणते अन् मी बटण दाबतो. पुढं जायचं ते बटण मी त्याच गाण्यासाठी शिकलो. मंग बोटाले सवय लागली, कोणतंच गाणं पुरं होऊ देत नाई ते. इतके साल आपण दोघं भांडलो, अन् निकाल मी एकट्यानं ऐकू का?"

ताई उठली आणि एक रिकामं स्टीलचं पातेलं घेऊन आली. दोन्ही बोंडं तिनं त्यात टाकली, म्हणाली, "लावा." दाजींनी खरकटा हात धुतला, गाणं शोधलं, आवाज होता तेवढा मोठा केला. पातेल्यातून बारीक, चिरका आवाज यायला लागला आणि आम्ही तिघं आपापली ताटं सरकवून त्यावर वाकलो. बाई उताराशी उभी राहिली, गाड्या आल्या, गेल्या. शेवटचा गाडीवाला थांबला. पाहिला गं बाई, पाहिला, पण... दाजींनी बोट मागे घेतलं. पण तो बसलाय बांगडीवाल्याच्या दुकानात, हिरव्या घ्याव्या की लाल, त्याचं काही ठरंना. लगेच ढोलकी कडाडली आणि मागच्या बायका खदाखदा हसायला लागल्या.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "आता माय!" दाजी म्हणाले, "हे तर हसायचं गाणं निघालं."

ताई हसायला लागली. डोक्यावरचा पदर घसरेपर्यंत हसली, आणि हसता हसता तोच पदर तिच्या डोळ्यांकडे गेला. दाजी गोंधळले. "आता काऊन रडून राह्यली? तू जिंकली ना. आला तो."

"मी त्याच्यासाठी थोडीच रडत होते," ताई म्हणाली. "लग्न झालं तवा तुमी कापसाच्या गाडीसंग जालन्याले जात होते. अंधार पडला तरी पत्ता नसे. मी हीच कॅसेट लावून तुमची वाट पाहत होते. मंग सवय लागली."

दाजींनी पातेल्यातली बोंडं काढून गुंडाळून ठेवली. मग हळूच म्हणाले, "सांगायचं नाई का मंग?"

"बाजू संपल्याबिगर तुमी कोणाचं ऐकता कुठी?" ताई म्हणाली आणि त्यांच्या ताटात भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाइलच्या दुकानातून एक लहानसा स्पीकर आणला आणि फळीवर टेपच्या जागी ठेवला. दाजी सुधारले असं म्हणता येणार नाही. मुखडा झाला की त्यांचं बोट अजूनही वळवळतं. पण आता ते आत स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारतात, "बदलू का?" आतून ताई म्हणते, "राहू द्या, चांगलं हाय," आणि मग गाणं पुरं होतं. कधी ती "बदला" म्हणते, तेव्हा बदलतं. भांडायला मात्र दोघांकडे आता काही उरलेलं नाही. त्याच दिवशी सकाळच्या जेवणात ती दोघं एकमेकांशी इतकी गोड बोलत होती की मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

दुपारच्या बसनं मी बुलढाण्याला निघालो. खिडकीची जागा मिळाली, कानात बोंडं घातली, फोनवर एक जुना अल्बम लावला. चिखलीच्या अलीकडे एक रटाळ गाणं लागलं आणि सवयीनं माझं बोट बटणाकडे गेलं. बदलू का, असं विचारावं म्हणून मी नकळत शेजारी वळलो. शेजारचा माणूस डोळे मिटून बसला होता, कानात त्याचं त्याचं गाणं लावून.