मधाची बिअर आणि खरी चव

बंदरात माझ्यासोबत काम करणारे एक गृहस्थ गव्हाणला राहायचे आणि घरी मधाची बिअर करायचे. मोड आणून भाजलेले जव, डोंगरातला मध आणि बेकरीतलं यीस्ट, एवढंच सामान. ओतण्याआधी ते बाटलीला कान लावून आतली सळसळ ऐकायचे. बायको हसायची, "कोनाचा फोन आला?"

पहिल्यांदा मी "छान आहे" म्हणालो, तर ते नाराज झाले. "छान तं सगलेच बोलतात. काय लागलं ते सांगा." मग मी सावकाश प्यायला शिकलो. कधी फुलांचा वास यायचा, कधी भाजक्या जवाचा खमंगपणा, आणि गिळल्यावर गोडवा जिभेवर रेंगाळायचा.

त्यांच्या मुलीच्या हळदीला मांडव भरला होता. सोयऱ्यांसमोर त्यांनी पहिला ग्लास माझ्या हातात दिला. एक घोट घेऊन मी ग्लास खाली ठेवला.

"सांगा ना!"

"बिघडून आंबट झाली आहे," मी हळूच म्हणालो.

त्यांचे थोरले भाऊ चिडले. "लोकांना काय कलतंय? वाढ तू!"

पण त्या गृहस्थांनी स्वतः घोट घेतला, क्षणभर डोळे मिटले आणि हळदीसाठी भरलेलं सगळं पिंप माडाच्या मुळाशी रिकामं केलं.

मी ओशाळून निघालो, तर त्यांनी हात धरला. "निघालात कुठं? गोड बोलनारे जाम हायेत." मला सोयऱ्यांच्या पंगतीत शेजारी बसवून त्यांनी जिताडा माशाची मोठी तुकडी वाढली आणि भावाला म्हणाले,

"आता ताडी मागव. पन पयली यांना चाखायला दे."