आक्का शेणी वाजवून घ्यायची

समस्त नागरिक बंधू-भगिनींना अत्यंत गांभीर्याने व जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, येत्या होळीपासून आमच्या पेठेत ओल्या शेणीसुद्धा स्वीकारल्या जातील. अर्धवट वाळलेल्या चालतील, बुरशी धरलेल्या चालतील, वरून खडखडीत आणि पोटात हिरव्यागार असलेल्या तर आनंदाने चालतील. कारण त्या तपासून भर चौकात देणाऱ्याची अब्रू काढणाऱ्या इंदूआक्का आता राहिलेल्या नाहीत. हुकुमावरून.

हुकूम कुणाचा, तर माझाच. माझा धंदा मंडप आणि लाउडस्पीकरचा. आमच्यासारख्या माणसाला दुःखसुद्धा माईकवर बोलल्यासारखंच होतं, त्याला इलाज नाही. आक्का गेल्याची बातमी मला कळली तीही माईक हातात असतानाच. आषाढातली सकाळ होती. शाहूपुरीत एका दुकानाच्या उद्घाटनासाठी मी स्पीकर बांधत होतो, ‘हॅलो, हॅलो, वन टू थ्री’ चाललं होतं, आणि समोरून सदाभाऊ येताना दिसला. सदाभाऊ म्हणजे आमच्या पेठेतल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. वय पन्नाशीच्या पुढं, पण मंडळच तरुण असल्यामुळं अध्यक्षही तरुण. हातात छत्री असून माणूस चिंब भिजला होता. छत्री उघडायचं त्याला सुचलंच नव्हतं. “आक्का गेली रं,” एवढंच म्हणाला. मग आम्ही दोघांनीही मान वर करून आभाळाकडं बघितलं. आजूबाजूच्यांना वाटलं असेल, ही दोघं गेलेल्या जिवाला वर शोधतायत. छे! आम्ही पाऊस बघत होतो. तो थांबायची काही चिन्हं नव्हती, आणि पावसात मरायचं नाही हे आक्कानं आम्हाला शंभरदा बजावून ठेवलं होतं. स्वतः मात्र नेमकी भर पावसात गेली.

आता हे नीट कळायला थोडं मागं जायला हवं. आमच्या महापालिकेची एक योजना आहे. गावात कुणीही वारलं, गरीब असो की श्रीमंत, तर त्याचे अंत्यसंस्कार मोफत. घरच्यांनी फक्त रडायचं, सरणाची काळजी करायची नाही. हे सरण आमच्याकडं बहुतेक शेणींचं असतं. शेणी म्हणजे पुण्याकडची मंडळी जिला गोवरी म्हणतात ती. एवढ्या शेणी महापालिका आणणार कुठून? म्हणून दर होळीला नागरिकांना आवाहन व्हायचं की होळी लहान करा आणि राहिलेल्या शेणी स्मशानाला दान द्या. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या भागात हे आवाहन करायचं काम मला मिळालं. रिक्षावर दोन भोंगे बांधून मी गल्लोगल्ली फिरत होतो आणि हातातल्या कागदावरचं मोठ्या ऐटीत वाचत होतो, “सर्व सुजाण नागरिकांस विनम्र आवाहन करण्यात येते की, मोफत अंत्यसंस्कार योजनेच्या यशस्वी अंमलबजावणीकरिता...”

एका गोठ्यासमोर रिक्षा अडली. समोर एक बाई उभी. कोपरापर्यंत शेणाचे हात, पदर खोचलेला, मागं दोन म्हशी. “काय रं माईक्या, कवापास्नं काय बोंबलतोयस?” माझं बारसं झालं ते तिथंच. आजही पेठेत माझं खरं नाव कुणाला ठाऊक नाही. मी कागद पुन्हा वाचून दाखवला. आक्कानं शांतपणे ऐकला आणि म्हणाली, “आता मराठीत सांग.” मी सांगितलं. तिनं हात धुतले नाहीत, पुसले नाहीत, तसाच माझ्या हातातला माईक काढून घेतला. (तो माईक मी पुढं किती दिवस नाकापासून लांब धरून बोललो, ते विचारू नका.) “अय बायांनो, ऐका! मुन्शिपाल्टी आपल्याला फुकट जाळनार हाय. चांगलं हाय न्हवं? पर जाळायचं कशानं? माईक्याच्या भोंग्यानं? घरटी पाच-पाच शेणी काढा. आन वाळलेल्या काढा. शेजारणीच्या सरणाला देतोय आसं समजू नका, सोताच्या सरणाला देतोय आसं समजून काढा!”

गल्लीत दारं उघडली. तासाभरात माझ्या रिक्षात मला बसायला जागा उरली नाही. त्या दिवसापासून आमच्या भागातली शेणीदानाची मोहीम कागदोपत्री महापालिकेची आणि प्रत्यक्षात आक्काची झाली. तिला कुणी नेमलं नव्हतं. ती नेमून घेणाऱ्यातली नव्हतीच.

आक्काची तपासणीची पद्धत अशी. शेणी डाव्या हातावर घ्यायची, उजव्या हाताचं मधलं बोट दुमडायचं आणि पेरानं ठोकायची. आत ओल असेल तर ‘थप’ असा मेलेला आवाज येतो. पुरी वाळली असेल तर ‘टण्’. कान तिरका करून आक्का ऐकायची आणि एकच शब्द बोलायची, “वाजतीया.” हा शब्द म्हणजे आमच्या पेठेतली सर्वोच्च पदवी. कसंबसं जमलं असेल तर “चालंल.” आणि ‘थप’ आलं तर मात्र देणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. ही खोड पुढं तिच्या बोटातच मुरली. नारळ, कलिंगड, मडकं, नवी फरशी, समोर येईल ते ती ठोकून बघायची. मी हौसेनं नवे स्पीकर आणले, तर त्यांच्या खोक्यावर पेर आपटून म्हणाली, “आतनं पोकळ हाय रं.” मी म्हटलं, “आक्का, स्पीकर पोकळच असतोय.” “मग झ्याक. तुजी न त्येची जोडी जमली.” निवडणुकीत एक उमेदवार मतं मागायला आला आणि भर गल्लीत तिच्या पाया पडला. आक्कानं आशीर्वादाचा हात त्याच्या डोक्याकडं नेला आणि टाळक्यावर एक पेर मारलं. “लई वाजतंय. रिकामं हाय.” शेणी वाजली तर चांगली, टाळकं वाजलं तर वाईट... हा फरक त्या बिचाऱ्याला कुणी समजावून सांगितला की नाही, देव जाणे.

शेणी गोळा करून ती थांबली असती तर ती आक्का कसली! त्या नीट ठेवल्यात का, हे बघायला ती थेट स्मशानातल्या गोदामात जायला लागली. बाईमाणूस स्मशानात जातं म्हणून पेठेत कुजबुज झाली. एका म्हाताऱ्यानं तोंडावर विचारलंही. आक्का म्हणाली, “आण्णा, जायचं तर सगळ्यास्नीच हाय की. मी जरा आदी बघून येतो, तुमची सोय कशी काय हाय ती.” गोदामात ती शेणींची थप्पी हलवायची, तळाला ओल लागली नाही ना ते बघायची आणि तिथल्या मुकादमांना म्हणायची, “पावनं, उनाळ्यात कोनबी जळतंय. पावसाळ्याचं बोला.” मुकादम भला माणूस. ते तिच्यासाठी चहा सांगायचे. स्मशानात बसून चवीनं चहा पिणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

हे पावसाळ्याचं खूळ कुठून आलं, ते तिनं मला एकदाच सांगितलं. गोठ्याबाहेर शेणी थापत बसली होती. मी सहज विचारलं होतं, थट्टेनंच. आक्काचं माहेर गगनबावड्याकडचं. तिथला पाऊस म्हणजे सुरू झाला की माणसं महिनोन्‌महिने एकमेकांची तोंडं पाण्याआडूनच बघतात. तिचे वडील असेच पावसात गेले, ती दहा-बारा वर्षांची असताना. गडीमाणसं खाली ओढ्याच्या कडेला घेऊन गेली, बायका वर घरात. लाकडं ओली, शेणी ओल्या. “पेटंच ना रं. नुसता धूर. त्यो धूर वर चढत चढत आमच्या घरात आला. आई म्हनाली, तुजा बा म्हागारी आला बघ. दार लावावं का उघडं ठेवावं, तेच तिला कळंना...” आणि हातातला शेणाचा गोळा आक्कानं असा जोरात आपटला की शिंतोडे माझ्या इस्त्रीच्या शर्टावर. “मानूस जित्तं आसताना किती बी धुमसू दे. मेल्याव न्हाय धुमसायचं.” मी त्यानंतर पुन्हा थट्टा केली नाही. म्हणजे त्या विषयावर नाही.

आता सदाभाऊ. एका होळीला सदाभाऊनं मोठा घाट घातला. मंडळातर्फे टेम्पोभर शेणी, टेम्पोला हार, वर त्याचा स्वतःचा हात जोडलेला फलक, पुढं हलगी, आणि निवेदनाला अर्थातच मी. मिरवणूक चौकात आली. आक्का पुढं झाली, टेम्पोच्या फाळक्यावर पाय देऊन वर चढली, वरची एक शेणी उचलली आणि ठोकली. थप. दुसरी. थप. हलगी थांबली. माझ्या हातातला माईक चालूच होता आणि मला तो बंद करायची बुद्धी झाली नाही... खरं सांगायचं तर मला ती करायचीच नव्हती. साऱ्या पेठेनं भोंग्यातून ऐकलं, “सदा, ही शेणी हाय का थालपीठ? लोणी आन वर, खाऊन टाकू!” टेम्पो हारासकट माघारी गेला. सदाभाऊ वर्षभर आक्काच्या गल्लीतून गेला नाही, पार तलावाला वळसा घालून जायचा.

पण पुढच्या होळीला तो आला. हार नाही, फलक नाही. मंडळाच्या गच्चीवर पोरांकडून रोज उलथ्यापालथ्या करून वाळवलेल्या शेणी. आक्कानं एक उचलली, ठोकली, कान तिरका केला. सदाभाऊच्या चेहऱ्यावर दहावीचा निकाल लागल्यासारखा भाव. “चालंल,” आक्का म्हणाली आणि पुढच्या गाडीकडं वळली. झालं! त्यानंतर दर होळीला हेच. सदाभाऊनं वाळवायची तऱ्हा बदलली, भुसा जास्त मिसळून बघितला, ओळखीच्या माणसाकडून पार शिरोळहून शेणी आणवल्या. आमच्या कानाला त्या घंटेसारख्या वाजायच्या. आक्का म्हणायची, “चालंल.” तो माझ्याकडं येऊन चिडायचा, “तुला ऐकू आलं का न्हाय टण् आसं? मग बाई म्हनत का न्हाय?” मी एकदा आक्काला विचारलं. तिनं डोळा बारीक केला. “म्हनलं तर पुडल्या साली आळशी हुईल की त्यो.”

यंदाच्या होळीला आक्का अंथरुणावर होती. शेणी कुणी ठोकल्याच नाहीत, गाड्या तशाच स्मशानात गेल्या. सदाभाऊला चैन पडेना. एक शेणी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो आक्काच्या घरी आला, मी तिथंच बसलो होतो. “आक्का, औंदाची.” आक्कानं हात उचलला. बोट दुमडलं. पेर शेणीवर टेकलं, पण आवाज आला नाही... शेणीचा दोष नव्हता, बोटात जोरच उरला नव्हता. खोलीत आम्ही तिघं आणि आक्काचा मुलगा प्रकाश. “तूच वाजीव,” आक्का म्हणाली. सदाभाऊनं मान हलवली. “न्हाय. तू बरी हो, मग वाजीव. मी ठेवतो ही तशीच.” आणि पिशवीला गाठ मारून ती शेणी त्यानं खरंच मंडळाच्या कार्यालयात, गणपतीच्या फोटोशेजारी ठेवली.

आक्काला जाऊन आता काही आठवडे झाले. पेठेतली माणसं कधी नाही ते हातात येईल ते ठोकून बघायला लागली आहेत. परवा भांड्याच्या दुकानात तिघी बायका एकाच वेळी पातेली वाजवत होत्या आणि तिघीही कान तिरका करून ऐकत होत्या. मीसुद्धा कार्यक्रमाआधी ‘हॅलो’ म्हणण्यापूर्वी स्पीकरच्या खोक्यावर एक पेर मारतो. पोकळच वाजतो. बरं वाटतं.

पण त्या दिवशीचं राहिलं. महापालिकेची शववाहिका आली, आम्ही पंचगंगेकाठी पोचलो, तर पावसानं नुसतं झोडपलं होतं. नदी फुगलेली. शेडच्या पत्र्यावर असा ताशा वाजत होता की शेजारचा माणूस ऐकू येईना. मुकादमांनी गोदाम उघडलं. दारातच यंदाच्या होळीच्या शेणी होत्या, आमच्याच पेठेच्या, न ठोकलेल्या. त्यांनी स्वतःच्या हातानं सरण रचलं. प्रकाशनं अग्नी दिला. मी आयुष्यात देवाकडं फारसं काही मागितलेलं नाही, पण त्या वेळी मनात एकच चाललं होतं, धूर नको, आज धूर नको. क्षणभर काहीच दिसलं नाही. मग एका कोपऱ्यातून जाळ उठला, सरळ, पिवळाधमक, आणि बघता बघता त्यानं सारं सरण कवेत घेतलं. धूर म्हणून नाही. बाहेर एवढं पाणी कोसळत होतं आणि आक्का उन्हाळ्यात जळावी तशी जळत होती.

माझ्या शेजारी सदाभाऊ उभा होता. त्यानं रेनकोटाच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली. गाठ सुटेना म्हणून दातानं तोडली. ती शेणी डाव्या हातावर घेतली, उजव्या हाताचं मधलं बोट दुमडलं आणि ठोकली. पत्र्यावरच्या त्या पावसातही शेडमधल्या प्रत्येकाला ते ऐकू गेलं. टण्! आणि हा पन्नाशीचा तरुण अध्यक्ष, साऱ्या पेठेसमोर, भोंग्याला लाजवील अशा आवाजात जाळाकडं बघून ओरडला, “वाजतीया, आक्का! आता तरी म्हन की गं!”