शांताला कोणत्या वॉर्डात ठेवायचे?

शांता माझ्या आईच्या पोटी मुलगा म्हणून जन्मली आणि आज पहाटे बाई म्हणून गेली.

मी तिचा थोरला भाऊ. शिक्षण चौथी. तरीही हे लिखाण मी स्वतः करीत आहे.

वयात येताना तिच्या केसांत जट आली. आमच्याकडे ती देवीची हाक मानतात. ती लुगडे नेसली, हाती परडी घेऊन जोगतीण झाली.
दर मंगळवारी सारी गल्ली तिच्या पाया पडत असे.

पंचवीसएक वर्षांपूर्वी तिला न्यूमोनिया झाला. कोल्हापुरातील एका दवाखान्यात नेले.
धाप लागलेली. ओठ निळे पडलेले.
आणि खाट मिळेना.

पुरुषांच्या वॉर्डात शिट्ट्या वाजल्या. स्त्रियांच्या वॉर्डातील सिस्टर म्हणाल्या, इथे चालणार नाही.
ऑक्सिजन आत, शांता व्हरांड्यात स्ट्रेचरवर.

दोन तरुण डॉक्टर तिच्या उशाशी इंग्रजीत वाद घालू लागले. एकाच्या तोंडी 'ही', दुसऱ्याच्या तोंडी 'शी'. माझी कन्या सुजाता तेव्हा कॉलेजात होती. तिने सांगितले, पहिला शब्द पुरुषाला, दुसरा स्त्रीला.

मग एकाने हसत हसत 'इट' म्हटले.
मी सुजाताकडे वळलो.

"त्याचा अर्थ काय?"
"राहू दे, अण्णा."
"मी विचारले आहे."
"वस्तूला म्हणतात. जनावराला."

मी बाकावरून उठलो. तालमीत वाढलेले शरीर होते.
सुजाताने माझे मनगट घट्ट धरले.

तेवढ्यात मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्या दोघांना त्या इंग्रजीत एकच वाक्य बोलल्या. दोघांनी माना खाली घातल्या.

सुजाता कुजबुजली की, बाईंनी 'देम' शब्द वापरला. तो पुष्कळ माणसांसाठी असतो, परंतु स्त्री की पुरुष हे ठाऊक नसेल तर एकासाठीही चालतो.
"त्या म्हणाल्या, त्यांना स्वतःला कुणी विचारलंय का?"

कोणीही विचारले नव्हते.

डॉक्टरीणबाई स्ट्रेचरवर वाकल्या. "तुम्हाला कुठं ठेवू?"

शांता धापा टाकत म्हणाली, "बायकांच्यात. ती कोपऱ्यातली म्हातारी दर मंगळवारी माझ्याकडनं भंडारा लावून घेती. आज शेजारी झोपली तर बाटणार न्हाय की."

दार उघडेच होते. म्हातारीने सर्व ऐकले. मग शेजारच्या रिकाम्या खाटेवरचे आपले गाठोडे तिने उचलले.
"आणा तिला आत. आन् तू गप पड, बोलू नगंस."

ऑक्सिजन लागला. शांता वाचली.

आज तिला शेवटची आंघोळ घालण्याची वेळ आली. भावकीतील पुरुष पुढे झाले. मी त्यांना अंगणात थांबवले.
गल्लीतील बायका आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतले.

दार उघडले, तेव्हा थोरला असूनही मी तिच्या पायांवर डोके ठेवले.

शांता, सुखाने जा बाई.