विब्रेनच्या गालातली काळी गोळी

माझ्या बहिणीचा नवरा विब्रेन म्हणजे एक नंबरचा खडूस. उभा जन्म त्यानं बोटींसाठी कालव्यावरचा पूल वर उचलायच्या नोकरीत घालवला, आणि बोटवाल्यांना ताटकळत ठेवण्यात त्याला कोण आनंद! माझ्या बहिणीनं, फ्राउकेनं, त्याला कसं सोसलं, देव जाणे. ती वारली आणि त्याचं जेवण माझ्या गळ्यात पडलं.

पंचाहत्तरी ओलांडली तसं त्याचं ब्लडप्रेशर चढलं. औषधं वाढवली तरी उतरेना. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, वयानं किडन्या आधीच थकल्यात, असंच चाललं तर डायलिसिस. मग त्यासाठी शहरातल्या वृद्धाश्रमात राहायचं आणि कालव्याकाठचं घर विसरायचं. त्या दिवसापासून मी त्याच्या सुपात मीठ टाकणं बंद केलं. तरी हा बाबा रविवारी चर्चमध्ये, प्रार्थनेनंतरच्या कॉफीला, अख्ख्या गावासमोर माझ्याकडे बोट करून म्हणाला, "सित्स्केच्या मिठानं माझ्या किडन्या खाल्ल्या." मी कप खाली ठेवला आणि घरी आले.

पुढच्या तपासणीला मीच त्याला फरफटत नेलं. म्हटलं, होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष. बाई विचारत होत्या आणि हा तोंडात काहीतरी घोळवत उत्तरं देत होता. तोंडात काय आहे, असं त्यांनी विचारलं. काय असणार? ज्येष्ठमधाची काळी खारट गोळी. सिगारेट सुटल्यापासून दिवसभर गालात तीच. आमच्याकडे तिला कोणी खाणं समजतच नाही. चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की बाकावरून डबी फिरते, सगळे एकेक तोंडात टाकतात.

"मीठ राहू द्या बाजूला," बाई म्हणाल्या, "त्या ज्येष्ठमधानंच प्रेशर चढतं. या वयात तर फारच. आजपासून बंद."

विब्रेननं गोळी रुमालात थुंकली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही मेल्यानं.

काही आठवड्यांत प्रेशर उतरलं. किडन्यांचं गेलं ते गेलं, पण उरलंय ते सांभाळता येईल, असं बाई म्हणाल्या. घर वाचलं. त्या रविवारी डबी फिरत आली, ती त्यानं न उघडता पुढे सरकवली आणि माझ्या कानाशी पुटपुटला, "सूप तुझं बरं होतं."

"कॉफीच्या वेळी सांगा, दाजी," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर."

कॉफी आली. मी मुद्दाम त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यानं टोपी उचलली आणि मागच्या दारानं निघून गेला.

सोमवारी दुपारी तो सुपाचं रिकामं पातेलं घेऊन माझ्या दारात आला. मी खिडकीतून पाहिलं, पण दार उघडलं नाही.