चि. बाळूचा तांब्या

सकाळी सकाळी सरांच्या घरून शोभावहिनींचा फोन आला. ‘बाई, सर गेले हो...’ आणि माझ्या तोंडून भलतंच निघून गेलं, ‘कोणत्या रस्त्याने?’ मी जीभ चावली, पण वहिनी रडता रडताच म्हणाल्या, ‘या वेळी सरळ गेले. झोपेतच.’

मुरलीधर वडनेरे सर आमच्या पंचवटीतल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि मी मराठी. एकाच खोलीत समोरासमोर टेबलं, त्यामुळे भांडणं भरपूर. सरांचा स्कूटरवरून घरी जायचा रस्ता हा शाळेत थट्टेचा विषय होता. सिडकोला जायचं तर होळकर पूल ओलांडावा, रविवार कारंजावरून पुढे निघावं, लहान मूलही सांगेल. सर मात्र द्वारका चौकावरून उलटा फेरा घालून जायचे. पेट्रोल वरून पडतं का, असं मी विचारलं की म्हणायचे, ‘बाई, मराठीत एक वळसा घातला की संपलं. इंग्रजीत वळशाचं अख्खं खानदान आहे.’

हे खानदान ते दरवर्षी नववीच्या वर्गात उभं करत. समानार्थी शब्दांना ते भाऊबंद म्हणत. आडनाव एक, पण स्वभाव सगळ्यांचे वेगळे आणि एकाचं काम दुसऱ्याला सांगायची सोय नाही. गावात न शिरता हायवे बाहेरच्या बाहेर निघून जातो तो बायपास, त्याला गावाशी देणंघेणं नसतं. चांदवडच्या घाटात ट्रक आडवा झाला म्हणून गाडी मनमाडवरून न्यावी लागली तर तो डीटूर, बिचारा नाइलाजाने लांबून जातो, पण पोचतो. शेताच्या बांधाबांधाने चालणारा तो स्कर्ट. इथे मुलं खिदळायची आणि सर खडू थांबवून त्यांचं हसणं पुरतं होऊ द्यायचे. आणि सर्कमव्हेंट हा सगळ्यांत बेरका, नियम न मोडता नियमाला बगल देणारा. ‘सही करायची वेळ आली की मुख्याध्यापक नेमके रजेवर जातात ना, ते सर्कमव्हेंट,’ असं एकदा त्यांनी वर्गात सांगितलं तेव्हा मुख्याध्यापक दारात उभे होते. पुढे वर्षभर सरांच्या वाट्याला मैदानावरची ड्युटी आली.

द्वारकेच्या फेऱ्याचं कारण मला फार उशिरा कळलं. पूल ओलांडला की भांडी बाजार जवळ आणि तिथे सरांच्या थोरल्या भावाचं, आप्पांचं, तांब्यापितळेचं दुकान. वडील गेल्यावर आप्पांना वाटत होतं की धाकट्याने गल्ल्यावर बसावं. धाकट्याला मास्तर व्हायचं होतं. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, आप्पा म्हणाले की साहेबाची भाषा शिकून घरची चूल पेटत नसते आणि सर म्हणाले की या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही. बोलणारा बोलून गेला, ऐकणारा ऐकून घेऊन बसला... आणि वर्षं गेली.

एका सोमवारी मी भांडी बाजारात गेले होते. पाहते तर सर समोरून येतायत, हातात देवळातलं बेलाचं पान. आप्पांच्या दुकानाच्या अलीकडे दोन दुकानं ते थांबले, जरा वेळ नुसते उभे राहिले आणि आल्या वाटेने परत फिरले. मी गाठलं तेव्हा चोरी पकडल्यासारखे हसले. दर सोमवारी असंच करतो म्हणाले. मी चिडवलं, ‘मग हा भाऊबंद कोणता, सर?’

त्यांनी ते फारच मनावर घेतलं. ‘बायपास नाही, तो मागे वळून बघत नाही. डीटूर म्हणावं तर मी पोचतच नाही. सर्कमव्हेंट म्हणायला मला काही साधायचं नाही... हे आपलं शंकराच्या देवळातल्या प्रदक्षिणेसारखं आहे, बाई. पन्हळीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, परत फिरायचं. इंग्रजीत याला शब्द नाही. मी शोधलाय.’

पुढे सर निवृत्त झाले. निरोपाला तांब्या द्यायचं ठरलं आणि आणायचं काम मी मागून घेतलं. भांडी बाजारात दुकानं काय कमी आहेत, पण मी मुद्दाम आप्पांच्याच दुकानात गेले. ‘श्री. मुरलीधर वडनेरे सर यांस सप्रेम भेट’ असा मजकूर कोरायला दिला. आप्पांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि उद्या न्या म्हणाले. दुसऱ्या दिवशी कागदात गुंडाळलेला तांब्या मी न उघडता तसाच नेला. समारंभात मुख्याध्यापकांनी तो उंच धरून खड्या आवाजात वाचला, ‘चि. बाळू यास...’ आणि पुढचं सभागृहाच्या हसण्यात बुडालं.

सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि चहासुद्धा न घेता स्कूटर काढली. मागे मी, कारण खरेदी माझी. स्कूटर होळकर पुलावरून गेली. दोन दुकानं अलीकडे त्यांचे पाय अडलेच. मला म्हणाले, तुम्ही जाऊन सांगा, चूक झालीय. मी म्हटलं, तांब्या तुमचा, तक्रार तुमची.

सर पायरी चढले. तांब्या पुढे करून म्हणाले, ‘नाव चुकलंय.’

आप्पांनी मान वर केली नाही. ‘ठेव तिथं. दुरुस्त करून देतो. उद्या ये.’

दुसऱ्या दिवशी झालं नव्हतं, तिसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर दर सोमवारी सर देवळातून थेट दुकानात जायचे, झालं का म्हणून विचारायचे, आप्पा उद्या ये म्हणायचे आणि मग दोघं चहा पीत गिऱ्हाइकांची उणीदुणी काढत बसायचे. जुन्या भांडणाचा शब्द कोणीच काढला नाही. शेवटपर्यंत हेच चाललं. पायरी उतरताना सर दरवेळी बजावून यायचे, पुढच्या सोमवारी मी ऐकून घेणार नाही.

परवाच्या सोमवारी मी दुकानात गेले. तांब्या फळीवर होता, चिंच लावून लखलखीत घासलेला. आप्पा आता फार थकलेत. नातेवाईक म्हणतात, ‘चि.’ काढून ‘कै.’ घाला आणि वहिनींकडे देऊन टाका. मी आप्पांना विचारलं, तेव्हा ती चूक झाली होती की मुद्दाम केलं होतं? ते म्हणाले, ‘लहानपणी त्याच्या ताटावाटीवर हे नाव मीच घालायचो. हात सवयीनं गेला.’ मग त्यांनी तांब्या मांडीवर घेतला, छिन्नी उचलली, ‘चि.’वर टेकवली... आणि तशीच बाजूला ठेवली.

मी उठले. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, ‘मग कधी होईल, आप्पा?’

तांब्या परत फळीवर ठेवत ते म्हणाले, ‘उद्या या.’